मेडिकल चौकातून निघणाऱ्या वाटा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी आई न्यूमोनियाने आजारी होती आणि तिला रुग्णालयात दाखल करावे लागले होते. उठून उभे राहण्याची ताकद तिच्यात नव्हती, म्हणून छातीचे क्ष-किरण चित्र खाटेवरच घ्यायचे ठरले. रात्री नऊच्या सुमारास चाकांवरचे यंत्र ढकलीत एक तरुण खोलीत आला. "आजी, पाठीखाली एक थंड पाटी सरकवतो आहे, दचकू नका हं," असे तो आईला म्हणाला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, तुम्ही जरा बाहेर थांबा."

तो 'सर' ऐकताच मी त्याला ओळखले. अकरावी-बारावीला तो माझ्या वर्गात होता. प्रयोगशाळेतला बिघडलेला गॅल्व्हॅनोमीटर उघडून दुरुस्त करणारा मुलगा म्हणून तो माझ्या लक्षात राहिला होता. आणखी एका कारणानेही तो लक्षात होता. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत दोनदा अपयश आल्यावर त्याचे वडील माझा सल्ला घ्यायला आले होते. "मुलगा हुशार आहे, आणखी एक वर्ष द्या," असे त्यांना सांगणारा मीच होतो. ते तिसरे वर्षही वाया गेले. पुढे तो काय करतो आहे याची चौकशी मी केली नाही. खरे सांगायचे तर करण्याचे धाडस झाले नाही.

दुसऱ्या दिवशी आईचे चित्र माझ्या हाती आले. उजेडासमोर धरून पाहिले आणि माझ्या पोटात गोळा आला. हृदयाची सावली केवढी मोठी दिसत होती! तेवढ्यात तो तरुण कामासाठी त्याच मजल्यावर आला होता. माझा चेहरा पाहून तो थांबला आणि म्हणाला, "सर, कोपऱ्यात मी काय लिहिले आहे ते पाहा. हे चित्र समोरून, जवळून आणि झोपलेल्या स्थितीत घेतले आहे. सावली मोठी येणारच. समरूप त्रिकोण तुम्हीच शिकवलेत ना? निदान डॉक्टर करतील. सावली कशी पडली एवढे मी सांगतो."

विद्यार्थी मित्रांनो, दरवर्षी बारावीच्या निकालानंतर माझ्याकडे पालक आणि मुले येतात. प्रश्न एकच असतो : 'मेडिकलला जायचे, की एखादा लहान अभ्यासक्रम करून लवकर कामाला लागायचे?' त्या तरुणाचे शेवटचे वाक्य ऐकल्यापासून या प्रश्नाचे उत्तर मी वेगळ्या रीतीने देऊ लागलो आहे. ते का, हे समजून घेण्यासाठी आधी त्या सावलीकडेच पाहू.

सावलीचे गणित

रात्री भिंतीसमोर हात धरा आणि मागून विजेरीचा उजेड पाडा. हात भिंतीला जवळजवळ चिकटलेला असेल तर सावली हाताएवढीच पडते. हात भिंतीपासून दूर, विजेरीकडे नेला की सावली वाढते. विजेरी मात्र जितकी दूर न्याल तितकी सावली खऱ्या मापाच्या जवळ येते. क्ष-किरण चित्र ही अशीच एक सावली आहे.

हृदय छातीत पुढच्या बाजूला असते. म्हणून शक्य असेल तेव्हा रुग्णाला उभे करून त्याची छाती पाटीला टेकवतात आणि किरण पाठीकडून सोडतात. किरणांचा उगम साधारण १८० सेंटिमीटर दूर ठेवतात. समजा, हृदय पाटीपासून १० सेंटिमीटरवर आहे. मग सावली १८० भागिले १७०, म्हणजे १.०६ पट मोठी पडेल. खाटेवर पडलेल्या रुग्णाच्या बाबतीत पाटी पाठीखाली असते आणि यंत्र फार वर नेता येत नाही. उगम १०० सेंटिमीटरवर आणि हृदय पाटीपासून १५ सेंटिमीटरवर धरले, तर सावली १०० भागिले ८५, म्हणजे १.१८ पट होईल. १२ सेंटिमीटर रुंदीचे हृदय पहिल्या चित्रात १२.७ सेंटिमीटर दिसेल, तर दुसऱ्यात १४.१ सेंटिमीटर. हृदय तेच, फरक फक्त भूमितीचा.

चित्र कोणत्या बाजूने घेतले हे कोपऱ्यात लिहिणे किती महत्त्वाचे आहे, हे आता तुमच्या लक्षात येईल. ते लिहिले नाही, तर चित्र वाचणाऱ्याची गफलत होऊ शकते. शिवाय रुग्णाने नेमक्या क्षणी श्वास धरला का, नळीला किती व्होल्टेज दिले, किरण किती वेळ सोडले, शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला प्रारणाचा उपद्रव होणार नाही ना, हे सारे त्या यंत्रामागच्या माणसालाच पाहावे लागते. अंतर दुप्पट केले की प्रारणाची तीव्रता चौथाई होते, हा व्यस्त वर्गाचा नियम आपण परीक्षेसाठी पाठ करतो. तो माणूस मात्र दिवसभर तो नियम पाळीत असतो. मला त्याने खोलीबाहेर काढले ते त्यासाठीच.

हे काम डॉक्टरच्या कामाचा लहानसा तुकडा नाही. ते स्वतंत्र, पुरे काम आहे. आपल्या समाजाला मात्र हे अजून नीटसे पटलेले नाही आणि त्यामागे एक इतिहास आहे. त्याचा एक धागा आपल्या नागपुरातच सापडतो.

रॉबर्टसन स्कूलचे दिवस

नागपूरकर 'मेडिकल' म्हणतात ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ साली सुरू झाले. त्याच्या आधी वैद्यकीय शिक्षण कोठे मिळे? रेल्वे स्टेशनजवळच्या मेयो रुग्णालयाला जोडून १९१४ साली रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघाले होते. मध्यप्रांताचे त्या वेळचे चीफ कमिशनर सर बेंजामिन रॉबर्टसन यांचे नाव त्याला दिले होते. तेथे पदवी मिळत नसे. मॅट्रिकनंतर साधारण चार वर्षे शिकून 'एल.एम.पी.' म्हणजे परवानाधारक वैद्यकीय व्यावसायिक होता येई. पूर्ण पदवी हवी असेल तर मुंबईसारख्या दूरच्या शहरी जाऊन अधिक वर्षे आणि अधिक पैसा खर्च करावा लागे.

म्हणजे मोठी वाट की छोटी, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच्या विदर्भातल्या मुलांपुढेही होता. फरक इतकाच की दोन्ही वाटा एकाच कामाकडे जात. एल.एम.पी. डॉक्टरही नाडी पाहत, औषध देत, जखमा शिवत. पण पदवीधरांच्या तुलनेत त्यांचा दर्जा आणि पगार कमी. खेड्यापाड्यांचा भार मात्र बहुतांशी त्यांच्याच खांद्यावर असे.

१९४३ साली सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्यव्यवस्थेची पाहणी करण्यासाठी समिती नेमली. तिचा अहवाल १९४६ साली आला. त्या वेळी सबंध हिंदुस्थानात सुमारे ४७ हजार नोंदणीकृत डॉक्टर होते आणि त्यांपैकी जवळजवळ दोनतृतीयांश असे परवानाधारक होते. देशात एकाच दर्जाचा डॉक्टर असावा, परवान्याचे अभ्यासक्रम बंद करून सगळीकडे पदवीचेच शिक्षण द्यावे, अशी शिफारस समितीने केली. काही सदस्यांनी याविरुद्ध मत नोंदविले. डॉक्टरांची इतकी टंचाई असताना छोटी वाट बंद करू नये, असे त्यांचे म्हणणे होते. शेवटी ती वाट बंद झाली. नागपूरला वैद्यकीय महाविद्यालय आले, अनेक एल.एम.पी. डॉक्टरांनी पुन्हा शिकून पदवी घेतली आणि रॉबर्टसन स्कूलचे नाव इतिहासजमा झाले. मेयोला जोडून १९६८ साली आणखी एक वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तेच आजचे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय.

त्याच भोर अहवालात आणखी एक आकडा होता, त्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ४७ हजार डॉक्टरांच्या देशात प्रशिक्षित परिचारिका होत्या अवघ्या सुमारे ७ हजार. एका डॉक्टरमागे अनेक परिचारिका असाव्यात, तेथे आपल्याकडे सात डॉक्टरांमागे एक! रुग्णालय म्हणजे डॉक्टर आणि बाकीचे सगळे त्याचे मदतनीस, ही आपली समजूत किती जुनी आहे, हे यावरून दिसते.

एका परिचारिकेची गोष्ट

ही समजूत नागपुरातच एका बाईने फार पूर्वी खोटी ठरविली होती. कमलाबाई होस्पेट यांचा जन्म १८९६ सालचा. अगदी लहान वयात त्यांना वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीचे आयुष्य घराच्या कोपऱ्यात जायचे. कमलाबाईंनी नागपूरच्या डफरिन रुग्णालयात परिचर्येचे आणि प्रसूतीचे शिक्षण घेतले. हेच आजचे डागा स्मृती स्त्री रुग्णालय. बाळंतिणी अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत कशा दगावतात, हे त्यांनी जवळून पाहिले. १९२१ साली वेणूताई नेने यांच्या सोबतीने त्यांनी एक छोटेसे प्रसूतिगृह सुरू केले आणि त्यातूनच मातृसेवा संघ उभा राहिला. संघाच्या शाखा विदर्भात व विदर्भाबाहेर निघाल्या. १९६१ साली कमलाताईंना पद्मश्री मिळाली.

कमलाताई डॉक्टर नव्हत्या. प्रसूती अडली, शस्त्रक्रियेची वेळ आली, तर डॉक्टर लागतच. पण स्वच्छ खोली, उकळलेली साधने, धुतलेले हात, प्रसूतीची योग्य स्थिती आणि धोक्याची खूण वेळेवर ओळखणारी नजर या गोष्टी बहुतेक बाळंतपणांत जीव वाचवितात. आणि त्या परिचारिकेच्या हातात असतात. हे ज्ञान आता शासनानेही मान्य केले आहे. २०१८ साली केंद्र शासनाने प्रसूतिसेवेसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. नोंदणीकृत परिचारिकांनी दीड वर्ष विशेष शिक्षण घेऊन साधी बाळंतपणे स्वतःच्या जबाबदारीवर करावीत, अशी योजना त्यांत आहे. नागपुरात जे काम १९२१ साली सुरू झाले त्याला शिक्षणक्रमाची चौकट मिळायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

'अर्धा डॉक्टर' नव्हे

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. रॉबर्टसन स्कूलच्या काळात छोटा अभ्यासक्रम म्हणजे त्याच कामाची छोटी पदवी होती. आज तसे नाही. आजच्या छोट्या अभ्यासक्रमांतून 'कमी शिकलेला डॉक्टर' तयार होत नाही. दुसऱ्याच एका कामातला जाणकार तयार होतो. घरातली मोठी माणसे मात्र अजून १९१४ सालच्या चष्म्यातून पाहतात आणि म्हणतात, "डॉक्टर नाही झाला, म्हणून टेक्निशियन झाला." ती व्यक्ती नसेल तर डॉक्टरचे काय होते, याची दोन उदाहरणे पाहा.

पहिले उदाहरण हृदयाच्या शस्त्रक्रियेचे. हृदय उघडायचे तर ते थांबवावे लागते, पण मेंदूला रक्त काही मिनिटे जरी मिळाले नाही तरी कायमची इजा होते. म्हणून रक्त शरीराबाहेर काढून, त्यात प्राणवायू मिसळून, योग्य दाबाने आणि योग्य तापमानाला परत शरीरात सोडणारे यंत्र लागते. अशा यंत्राच्या मदतीने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया फिलाडेल्फियात ६ मे १९५३ रोजी डॉ. जॉन गिबन यांनी केली. यंत्रावरच्या वर्षानुवर्षांच्या प्रयोगांत त्यांची सहकारी होती त्यांची पत्नी मेरी, आणि ती डॉक्टर नव्हती. आज हे यंत्र चालविणाऱ्याला परफ्युजनिस्ट म्हणतात. शल्यविशारदाचे डोळे टाक्यांवर असतात, तेव्हा रुग्णाचे रक्ताभिसरण अक्षरशः या माणसाच्या हातात असते.

दुसरे उदाहरण किरणोपचाराचे. कर्करोगाच्या गाठीवर दिलेली प्रारणाची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. एक ग्रे म्हणजे दर किलोग्रॅमला एक ज्यूल ऊर्जा. पुष्कळ रुग्णांना दर दिवशी साधारण दोन ग्रे मात्रा देतात. दोन ज्यूल ऊर्जेने एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान किती वाढेल? पाण्याची विशिष्ट उष्मा ४,१८६ धरून गणित करा. उत्तर येते ०.०००५ अंश सेल्सियस. चहाच्या एका घोटाने तोंडात याहून कितीतरी अधिक उष्णता जाते! तरी एवढ्याशा ऊर्जेने पेशी मरतात, कारण ती उष्णता म्हणून पसरत नाही. अणूंतले इलेक्ट्रॉन उडवून पेशीच्या गुणसूत्रांवर घाव घालते. म्हणूनच येथे मात्रा पाच टक्क्यांनी चुकली तरी ती गंभीर गोष्ट मानतात. रुग्णाला पंचवीस-तीस दिवस दररोज मिलिमीटरच्या हिशेबाने त्याच जागी, त्याच स्थितीत झोपवायचे काम किरणोपचार तंत्रज्ञाचे. यंत्रातून ठरलेली मात्राच बाहेर पडते ना, हे तपासायचे काम वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञाचे. नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात किंवा मेडिकलमध्ये किरणोपचार घेणाऱ्या रुग्णाला यांतील बहुतेकांची नावेही ठाऊक नसतात.

आणखी एक गंमत सांगतो. सी.टी. स्कॅनच्या चित्रात शरीराच्या प्रत्येक भागाची घनता ज्या मापात सांगतात, त्यात पाणी शून्य आणि हवा उणे एक हजार असते. या एककाला हाउन्सफील्ड यांचे नाव आहे. १९७९ साली त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासह वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हाउन्सफील्ड होते अभियंता आणि कॉर्मॅक होते भौतिकशास्त्रज्ञ. वैद्यकीय पदवी दोघांकडेही नव्हती.

वर्षांचा हिशेब

निवड करताना हिशेब स्वच्छ मांडावा. एम.बी.बी.एस.ला साडेचार वर्षे आणि त्यावर एक वर्ष आंतरवासिता, अशी साडेपाच वर्षे लागतात. अठराव्या वर्षी प्रवेश मिळाला तर वयाच्या साडेतेविसाव्या वर्षी पदवी हाती येते. महाराष्ट्रात शासकीय महाविद्यालयातून शिकल्यास पुढे एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते. एम.डी. किंवा एम.एस. करायचे तर वेगळी प्रवेशपरीक्षा आणि आणखी तीन वर्षे. हृदयरोग किंवा मेंदूविकार यांसारख्या विषयात त्यापुढे जायचे तर आणखी तीन. सगळी पायरी सलग चढली तरी तिशी उलटते. हे सांगतो ते भीती घालण्यासाठी नव्हे. ज्याला हे काम मनापासून हवे आहे त्याला ही वर्षे जड जात नाहीत. पण घरची परिस्थिती अशी असेल की बाविसाव्या वर्षी पगार घरी आलाच पाहिजे, तर हा हिशेब पहिल्याच दिवशी करावा.

दुसऱ्या बाजूला बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे आणि परिचर्येची सर्वसाधारण पदविका, जी.एन.एम., तीन वर्षांची. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठाच्या पॅरामेडिकल तंत्रज्ञान पदवीला तीन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष आंतरवासिता लागते. प्रयोगशाळा, क्ष-किरण, किरणोपचार, शस्त्रक्रियागृह, भूल, हृदयतपासणी, रक्तपेढी, परफ्युजन अशा निरनिराळ्या शाखा त्यात आहेत. फिजिओथेरपीला साडेचार ते पाच वर्षे लागतात. महाराष्ट्रात तिच्या प्रवेशालाही 'नीट'चे गुण लागतात, हे विसरू नका.

वैद्यकीय भौतिकशास्त्राची वाट तर मुळीच छोटी नाही. भौतिकशास्त्रात बी.एस्सी. आणि एम.एस्सी. झाल्यावर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात प्रारण भौतिकीची एक वर्षाची पदविका करता येते. हा अभ्यासक्रम तेथे १९६२ पासून चालू आहे. 'जीवशास्त्र आवडत नाही, पण रुग्णालयात काम करावेसे वाटते' असे म्हणणाऱ्या मुलांना ही वाट कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगितली.

पुन्हा परीक्षा द्यावी का?

२०२४ साली 'नीट' परीक्षा २३ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली. देशात एम.बी.बी.एस.च्या जागा होत्या सुमारे १ लाख १० हजार. म्हणजे साधारण वीस जणांमागे एक. त्यांतल्याही जवळजवळ निम्म्या जागा खासगी संस्थांच्या, आणि तेथले शुल्क सामान्य घराला झेपणारे नसते. एकोणीस मुले मूर्ख असतात म्हणून बाहेर राहतात असे नाही; खुर्च्याच तेवढ्या आहेत.

मग एक वर्ष 'ड्रॉप' घ्यावा का? प्रयोगशाळेतली एक गोष्ट आठवा. लंबकाचा आवर्तकाल आपण पुन्हा पुन्हा मोजतो, कारण घड्याळ दाबताना होणारी मागेपुढे चूक सरासरीत कमी होते. पण लंबकाची लांबीच चुकीची मोजली असेल तर शंभर वेळा प्रयोग करूनही उत्तर चुकीचेच येते. परीक्षेच्या दिवशी ताप आला, वेळ चुकला, थोड्या गुणांनी जागा हुकली, तर ती पहिल्या प्रकारची चूक. पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ आहे. पण पायाच कच्चा असेल, किंवा मुळात आवड नसेल आणि अभ्यासाची पद्धत तीच राहणार असेल, तर ती दुसऱ्या प्रकारची चूक. तेथे आणखी एक वर्ष उपयोगी पडत नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या वडिलांना सल्ला देताना मी हा फरकच पाहिला नाही. मुलगा हुशार आहे एवढे मला दिसत होते. त्याला माणसांच्या व्याधींपेक्षा यंत्रांत अधिक रस आहे, हे गॅल्व्हॅनोमीटर मला सांगत होता. मी ऐकले नाही.

'नीट'ला आता कमाल वयाची अट नाही. ती २०२२ साली काढून टाकली. त्यामुळे आज दुसरी वाट धरली म्हणून हे दार कायमचे बंद होत नाही. मात्र परिचर्या किंवा तंत्रज्ञानाची पदवी घेऊन एम.बी.बी.एस.च्या मधल्या वर्षात शिरता येत नाही. जायचे तर पहिल्या पायरीपासूनच. म्हणून 'आधी हे करू, मग सरकत सरकत डॉक्टर होऊ' अशा आशेवर छोटी वाट धरू नये.

खाचखळगे

छोटी वाट गुलाबाची आहे असेही मी म्हणणार नाही. खासगी रुग्णालयांतून तंत्रज्ञांना आणि परिचारिकांना पुष्कळदा तुटपुंजा पगार मिळतो, रात्रपाळी असते, आणि नोकरी कंत्राटी असू शकते. आयुष्यभर दुसऱ्याच्या निदानासाठी काम करणे काहींना रुचत नाही. पुढचे शिक्षण घेतले नाही तर बढतीही थांबते, म्हणून एम.एस्सी. किंवा विशेष प्रशिक्षण करण्याची तयारी सुरुवातीपासून ठेवावी.

सर्वांत मोठा खड्डा आहे तो मान्यता नसलेल्या संस्थांचा. दोन खोल्यांत भरणारी, रुग्णालयाशी संबंध नसलेली, 'सहा महिन्यांत टेक्निशियन व्हा' अशी जाहिरात करणारी संस्था दिसली की दूर राहा. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा २०२१ साली झाला. पदविकेसाठी किमान दोन हजार तासांचे आणि वरच्या दर्जाच्या व्यावसायिक पदवीसाठी किमान छत्तीसशे तासांचे शिक्षण हवे, असे तो सांगतो. सहा महिन्यांचे दिवस मोजा आणि त्यात दोन हजार तास बसतात का, ते स्वतःच पाहा. प्रवेशापूर्वी तीन गोष्टी विचारा : अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाशी किंवा परिषदेशी संलग्न आहे, प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात आणि किती तास करायला मिळेल, आणि शिक्षण संपल्यावर नोंदणी कोठे होईल. उत्तर लेखी मागा.

एक दिवस मोजून पाहा

शेवटी सल्ला विचाराल तर माझ्याकडे आता एकच आहे. 'कोणती पदवी मोठी' हा प्रश्न बाजूला ठेवा आणि त्या कामातला एक साधा मंगळवार कसा जातो, याची माहिती काढा. डॉक्टरचा मंगळवार म्हणजे अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणे आणि तो चुकला तर त्याची जबाबदारी स्वतःच्या नावावर घेणे. परिचारिकेचा मंगळवार म्हणजे त्याच रुग्णाजवळ आठ तास राहणे आणि त्याच्यातला बारीक बदल सर्वांच्या आधी टिपणे. तंत्रज्ञाचा मंगळवार म्हणजे तेच काम पन्नासाव्या रुग्णासाठीही पहिल्याइतक्याच काटेकोरपणे करणे. फिजिओथेरपिस्टचा मंगळवार म्हणजे आठवडे न आठवडे धीर धरून एका गुडघ्याचा कोन पाच-पाच अंशांनी वाढविणे. यांतला कोणता दिवस तुम्हाला वर्षानुवर्षे जगायला आवडेल?

निर्णयाचे ओझे पेलण्याची हौस आणि तयारी असेल, तर मेडिकलसाठी अवश्य झटा. देशाला चांगल्या डॉक्टरांची गरज आहेच. ती हौस आईवडिलांची असेल आणि तुमची नसेल, तर ते त्यांना आजच सांगा. शिक्षकमित्रांनाही एक विनंती आहे. मुलाचे गुण पाहण्याआधी त्याचे हात कशात रमतात, ते पाहा.

आई बरी होऊन घरी आली. पुढे तिच्या छातीचे चित्र उभे राहून घेतले, तेव्हा हृदयाची सावली नेहमीच्या मापाची होती. त्या दिवशी मी माझ्या विद्यार्थ्याची माफी मागितली. तो हसला आणि म्हणाला, "सर, ती तीन वर्षे मला परत मिळणार नाहीत. पण पुढच्या मुलाला सल्ला देण्याआधी त्याला एकदा आमच्या विभागात पाठवा."

तेव्हापासून विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी असा एक दिवस पाहून यायला सांगतो. सल्ला त्यानंतर.